शेषराव, तुहे नऊ जोड

शेषराव, काल तुही तेरवी झाली. वाटली होती त्याच्याहून मोठी पंगत बसली. मालेगावचे लोक आले, तुह्या गावाकडून मानोऱ्याचे आले, जिनीतल्या साऱ्या बाया आल्या. वांग्याची भाजी तिखटजाळ झाली होती, तुले आवडे तशी. सारे पोटभर जेवले, आनि हात धुता धुता साऱ्याइनं एकच गोष्ट सांगतली. मानूस साजरा होता म्हने, पन त्या नव्या पकडीच्या नादी लागला आनि सोताच्याच तारेच्या जोडानं गेला.

मी तथीच उभा होतो, हातात गडू घेऊन. लोकाइच्या हातावर पानी टाकत होतो. तोंडातून एक शब्द काढला नाई.

तुले हे खरं वाटाचं नाई. "साडभाऊ, तुमचं तोंड तं झोपेतही बंद राहत नाई, आजच कायले कुलूप लावलं?" असंच म्हनला असता तू. तं आता कुलूप काढून राह्यलो. तुहा जोड दगावला का नाई, इतलं एकच सांगाचं हाय. पन ते एका दमात सांगून मोकळं झालो तं मी सस्त्यात सुटीन, म्हनून पह्यल्यापासून सांगतो. तुले सारं मालूम हाय. तरी आयक. आता तुले कुठी जाची घाई हाय?

आपल्या दोघाइच्या बायका सख्ख्या बहिनी. मोठी सुभद्रा माह्या घरी, लहानी यमुना तुह्या. तू वावरातला मानूस. तुले जिनीत म्याच आनलं. पह्यलं साल तू सरकीचे पोते वाह्यले. मंग शेठनं इंजनाले डायनामो जोडला, पट्टे गेले, आनि कापसातली सरकी काढनाऱ्या रेच्याइले मोटरी लागल्या. नऊ मोटरी. मी एकटा फिटर, मले मानूस पायजे होता. म्या दिवाणजीले म्हनलं, हा माहा साडभाऊ, डोक्यानं हुशार हाय, याले मले द्या. तू पाठीवरचं पोतं खाली टाकलं आनि पाना धरला. त्याचा मले गर्व होता. आजही हाय, आता कोनाले सांगू?

पह्यल्या दिवशी म्या तुले काय शिकवलं, आठवते? उलटा हात. मोटरीच्या आंगाले हात लावाचा तं आधी उलटा लावाचा, बोटाच्या पाठीकून. आंगात वीज उतरली असन तं हात आखडते. उलटा असला तं आखडून आपल्याकडे येते. सुलटा असला तं मूठ बसते आनि मंग सुटत नाई. तू हे इतलं मनावर घेतलं का घरीही तसंच कराले लागला. तवा तापला का नाई ते उलट्या हातानं पाहे. बैलाच्या कपाळाले उलटा हात. यमुनाले ताप आला तं तिच्या कपाळालेही उलटा हात. सुभद्रा हासे, म्हने, "तुमी मानसाले शिकवलं का भुताले?" मी म्हनो, जगन तं हासन ना.

जगला नाई तू. उलटा हात कोनी सुलटा केला ते पुढं येते.

आता अर्थिंगची गोष्ट. मोटरीच्या आंगापासून जमिनीत जानारी एक तार. मोटर बिघडली आनि वीज तिच्या आंगात आली, तं ती मानसातून न जाता त्या तारेतून मातीत जावी, इतलंच त्या तारेचं काम. ती तार मोटरीच्या बोल्टाले लावाची तं तिच्या तोंडाले तांब्याचं थिंबल बसवा लागते, एका टोकाले तार घालाची नळी, दुसऱ्या टोकाले बोल्टाचा डोळा. मोटरी आल्या तवापासून ते थिंबल मी बसवत आलो. थिंबल बत्तीच्या जाळावर तापवाचं, राळ टाकाची, कथील ओताचं, तार बुडवाची, थंड होऊ द्याचं, का झाला डाग. माहा डाग पाहाले वाशीमच्या जिनीतले फिटर येत. आरशासारखा चमके. त्या डागावर माही इज्जत होती.

आनि तू अकोल्याच्या जुन्या बाजारातून ती पक्कड घेऊन आला. लढाईत उरलेला गोऱ्या फौजेचा माल, दोन लांब दांडे, आनि तोंडात तीन खाचा. तथून आल्यावर तू जेवला नाई, पानी पेला नाई, सरळ माह्याकडे आला. "साडभाऊ, हे पाहा. बत्ती नाई, राळ नाई, कथील नाई. थिंबलात तार घाला आनि दाबा. झालं."

म्या म्हनलं, "हे सुपारी फोडासाठी बरं हाय."

तू हासला. तुही हीच खोड होती, मी टोचलं का तू हासे, आनि दुसऱ्या दिवशी मले खोटं पाडे.

पन तू आंधळेपनानं नाई निवडलं, हे मी त्या दिवशीही पाहत होतो, तोंडानं काईही म्हनो. महिनाभर तू त्या पकडीच्या मांगं लागला. साध्या पकडीनं थिंबल चेपून पाह्यलं, तार उपटून आली. ऐरनीवर ठेवून हातोडीनं ठोकून पाह्यलं, थिंबलाचा गळा चिरला. मंग त्या तीन खाचा. त्याच्यावरचे आकडे घासून गेले होते, कोनती खाच कोनत्या तारेची ते कोनाले मालूम? तू दर तारेले दर खाचेत दाबलं, आनि करवतीनं उभं कापून आत पाह्यलं. मोठ्या खाचेत दाबलं तं आत तारेचे सात पदर सुटे सुटे दिसत. लहान खाचेत पदरच तुटत. मधल्या खाचेत सातही पदर आनि थिंबल असे एक झाले होते का सांध दिसत नव्हती. तू तो तुकडा माह्या हातावर ठेवला. म्या पाह्यला आनि खिडकीतून फेकून देल्ला. तू बाहेर जाऊन गवतातून शोधून आनला.

थिंबलाचंही तसंच. दिवाणजीनं एकाच मापाचा डबा मागवला, सैल तोंडाचा. म्हने तार दुमडून भरा ना आत. तू म्हनला, "दिवाणजी, तुमी ढिला जोडा घालून मैलभर चाला, मंग मी हे थिंबल लावतो." पितळेचे आनले तं तू एक दाबून दाखवलं, कडकन फुटलं. मंग कलई केलेले तांब्याचे आले, ते तुले पटले. पन त्यातही तुहा हट्ट. फाटक्या तोंडाचे नको, म्हने, गोल डोळ्याचेच पायजे. फाटक्या तोंडाचं थिंबल लावाले सोपं, बोल्ट जरा ढिला केला का सरकून बसते. मी म्हनलं, सोपं हाय तं घे ना बाप्पा. तू म्हनला, "सोपं बसते ते सोपं निंघते. मोटर थरथरली, नट ढिला झाला, का हे खाली लोंबन आनि कोनाले दिसनारही नाई. गोल डोळ्याचं नट पूरा काढल्याशिवाय निंघत नाई."

नट पूरा काढल्याशिवाय निंघत नाई. हे वाक्य गेल्या चौदा दिवसाइत मले किती वेळा आयकू आलं ते मी सांगू शकत नाई.

आनि ते पोतं. ते मी तुले माफ केलं नव्हतं शेषराव. आज सांगून टाकतो. माह्या डागाचा एक जोड, तुह्या दाबाचा एक जोड, दोन्ही तू आढ्याले टांगले आनि दोन्हीले सरकीचं एकएक पोतं बांधलं. साऱ्या जिनीले बलावलं. बाया, हमाल, दिवाणजी. दोन्ही जोडाइनं पोते धरले. मी छाती काढून उभा. तवा तू माहीच बत्ती पेटवली आनि दोन्ही जोडाखाली धरली. म्हनला, "अर्थिंगची तार सालभर झोपून राह्यते. एक दिवस वीज उतरली का त्या घडीले ती लाल होते. त्या घडीले जोड टिकला पायजे." माह्या जोडातून कथील टपटप गळालं आनि पोतं धाडकन खाली. सरकी साऱ्या फरशीवर. बाया खोखो हासल्या. तुहं पोतं तसंच लोंबत राह्यलं.

तुहं बरोबर होतं. पन चार लोकाइत कायले? मले एकट्याले दाखवलं असतं तं काय बिघडलं असतं? वीस वर्षं ज्या बत्तीवर मी पोट भरलं त्याच बत्तीनं तू माही फजिती केली. सांजी घरी येऊन तू म्हनला, "साडभाऊ, राग आला काय?" म्या म्हनलं, "नाई बा, राग कायचा." ते खोटं होतं. आला होता, आनि तो गेलाच नाई.

त्याच्यानंतर शेठनं हुकूम केला, नवही मोटरीले शेषरावचेच जोड. तू दाबले. दर जोडाखाली बोल्टाची जागा काचकागदानं घासून चांदीसारखी केली, आनि मले म्हनला, "साडभाऊ, थिंबल लोखंडाले उघडं टेकलं पायजे. मधात धूळ नको, गंज नको, तेल नको." म्या म्हनलं, "मले शिकवते का बे?" मंग तू दर मोटरीले टेस्टचा दिवा लावून पाह्यला. नवही ठिकानी दिवा लखलख पेटला, म्हंजे वीज बरोबर मातीत जाऊन राह्यली.

आनखी एक. माहे डोळे. दोन सालापासून मले जवळचं धूसर दिसते, बत्तीच्या धुरानं का वयानं, देव जाने. म्या कोनाले सांगतलं नाई. सुभद्रालेही नाई. पन तुले समजलं. मी बसवलेल्या बारीक तारा तू मांगून येऊन सरळ करे, आनि माह्यापुढं अशी वागनूक ठेवे जसं काई केलंच नाई. एक दिवस म्या तुले पाह्यलं, माहा स्क्रू पुन्हा आवळताना. तू दचकला. म्हनला, "काई नाई, हात शिवशिवत होता." लोकाइत माही फजिती करनारा तूच, आनि चोरून माही लाज राखनारा तूच. तुह्यावर रागवाचं तरी कसं, आनि न रागवाचं तरी कसं? तू मले एक काईतरी नक्की करू द्याचं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिनीत रंग लावाची रीत. पावसाळाभर बंद पडलेल्या मोटरी पुसाच्या, रंगवाच्या, आनि दसऱ्याले पूजा करून हंगामाचा मुहूर्त कराचा. दर साली हे काम माहं. हिरवा रंग मी सोता जवसाच्या तेलात घोळतो. त्या दिवशी तू इंजनाच्या कामात होता. मी नवही मोटरीले दोन हात रंग मारला. आनि औंदा मले काय वाटलं, तं या शेषरावच्या थिंबलाच्या भोवती ब्रश फिरवला तं काठ वाकडे येते, लोक म्हनन तुळशीरामचा हात गेला. नट पूरा काढला. थिंबल बाजूले केलं. तू घासून चांदी केलेल्या जागेवर साजरा जाड रंग मारला, बोल्टाच्या आट्याइतही गेला, वायसरलेही लागला. दुपारपर्यंत वाळू देल्ला. मंग थिंबल वरून ठेवलं आनि नट आवळला. नऊच्या नऊ. काठ असे सरळ आले होते का शेठ सोता म्हनला, वा मिस्त्री.

तुले सांगतलं नाई. मुद्दाम नाई, हे मी माह्या लेकराची आन घेऊन सांगतो. पन बोलनंच कमी झालं होतं ना आपलं. पह्यलेचे दिवस असते तं मी म्हनलो असतो, शेषराव, थिंबल काढून रंगवले रे, आनि तू बोंबलला असता, आनि म्या दोन शिव्या देल्ल्या असत्या, आनि तू काचकागद घेऊन बसला असता. इतलंच. एका वाक्याचं काम होतं.

दसऱ्याच्या सकाळी फरशीवर सडा पडला. साऱ्याइनं वाहना बाहेर काढल्या. पाटावर सारी हत्यारं मांडली, पाने, कानशी, माही बत्ती, तुही पक्कड, टेस्टचा दिवा. कुंकू, फुलं, आपट्याची पानं. पूजा झाली आनि तू दिवाणजीले म्हनला, "एक मिनिट. मोटरी चार महिने ओलीत होत्या. दिवा लावून अर्थिंग पाहू द्या, मंग चालू करा."

दिवाणजी म्हनला, "आज पूजेतलं हत्यार उचलते काय? मुहूर्त टळून राह्यला."

तू माह्याकडे पाह्यलं. तुले वाटलं मी तुही बाजू घेईन. मी मोठा, मी फिटर, माहा शब्द चालला असता. म्या म्हनलं, "चालू करा, काई होत नाई."

खटका पडला. चौथ्या नंबरची मोटर जरा गुरगुरली. तू नेहमीसारखा पुढं झाला, ओल्या फरशीवर, उघड्या पायानं, आनि हात उलटा करून मोटरीकडे नेला. आनि म्या, शेषराव, साऱ्या जिनीपुढं मोठ्यानं म्हनलं, "काहून रे, तुह्या पकडीवर तुहाच भरवसा नाई? उलटा हात कायले?"

लोक हासले. सरकीच्या दिवशी हासले होते तसेच. मले बरं वाटलं. एक घडी, खरंच बरं वाटलं.

तू माह्याकडे पाहून हासला, हात सुलटा केला, आनि ठेवला.

खटका बंद कराले धावलो तो मीच होतो. हे म्या साऱ्याइले सांगतलं, हे सांगाले माही जीभ जड झाली नाई. लोक म्हनते तुळशीराम धावला म्हनून बाकीचे वाचले.

दुपारी मालेगावहून जमादार आला. मोटर पाह्यली, तार पाह्यली. म्हने, हा जोड कोनी केला? म्या म्हनलं, मयतानं. डाग देल्ला हाय का, म्हने? नाई, दाबला हाय. मंग कच्चाच म्हना ना. त्यानं कागदावर लिहिलं, मयताचा जोड कच्चा. खाली म्या सही केली. माही सही साजरी येते, तुले मालूमच हाय.

पाचव्या दिवशी दिवाणजीनं माह्या हातात करवत देल्ली. शेठचा हुकूम, म्हने, शेषरावचे सारे जोड कापा आनि पह्यल्यासारखा डाग द्या. दोन सालापासून मी हाच हुकूम आयकासाठी तरसत होतो. जिंकलो होतो ना मी.

चौथ्या नंबरच्या मोटरीपाशी बसलो. थिंबल सोडवलं. म्हनलं आधी पाहू तं, किती कच्चा हाय. तार साध्या पकडीत धरली, पाय मोटरीले टेकवला आनि ओढली. निंघाली नाई. दोन हमाल बलावले. तिघाइनं ओढली. निंघाली नाई. मंग तू करे तसं करवतीनं उभं कापलं आनि दारापाशी उजेडात नेऊन डोळ्याले लावलं. माह्या या फुटक्या डोळ्याइलेही दिसलं. सात पदर आनि थिंबल, एकच तांबं. सांध नाई.

मंग मोटरीकडे पाह्यलं, जथी थिंबल बसलं होतं तथी. हिरवा रंग. थिंबलाचा गोल ठसा रंगात उमटलेला, आनि खाली लोखंड कुठीच नाई. बाकीच्या आठ मोटरीइचे नट काढून पाह्यले. आठही ठिकानी माहा साजरा रंग. नवही मोटरीइचं अर्थिंग म्याच तोडून ठेवलं होतं, शेषराव, आनि वरून काठ सरळ केले होते.

मी काय केलं सांगू? नट पुन्हा आवळले. दिवाणजीले म्हनलं, मोटरी गरम हाय, मंग कापतो. आनि आठ दिवस घरी आजारी पडलो. सुभद्रा काढा देत राह्यली. यमुना दोनदा येऊन गेली, माहीच तब्येत विचाराले. दारात उभी राहून म्हनली, "भाऊजी, तुमीही मनाले लावून घेतलं." मी भिताडाकडे तोंड केलं.

कालच्या पंगतीत हातावर पानी टाकत होतो तवा एक मानोऱ्याचा म्हातारा, तुहा कोन लागते मले मालूम नाई, यमुनाच्या समोर म्हनला, "आपल्या हातानं मेला बिचारा." यमुनानं पदर डोळ्यावरून काढला आनि त्याले म्हनलं, "त्याईचं काम कच्चं नव्हतं." म्हातारा म्हनला, "बाई, कागदावर लिहिलं हाय." ती माह्याकडे पाहाले लागली. जिनीतला फिटर मी, तिच्या बहिनीचा नवरा मी. माह्या एका शब्दाची वाट पाहत होती ती. आनि मी दुसऱ्याच्या हातावर पानी टाकलं.

आज सकाळी तिच्याकडे गेलो. ती ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. बसा म्हनली नाई, तरी बसलो. कापलेलं थिंबल खिशात होतं, ते सुपात ठेवलं. आनि सारं सांगतलं. रंग, नट, दिवा, कागद. उलट्या हाताचंही सांगतलं. ते हळूच सांगतलं, तं ती म्हनली, "मोठ्यानं सांगा." मोठ्यानं सांगतलं.

तिनं थिंबल हातात घेतलं. तिले काय समजनार होतं त्यात, पन बोट फिरवलं.

"रंग तुमी मारला."

"हो."

"आनि हासले तुमी."

"हो."

ती पुन्हा पाखडाले लागली. मले वाटलं आता शिव्या देईन, आता रडन. मले पायजे होतं का तिनं सूप माह्या तोंडावर मारावं. तिनं तसं काई केलं नाई. पाखडता पाखडता म्हनली, "मंग त्याईचा जोड बरोबर होता?"

"बरोबर होता."

"ते असतानी कवा म्हनलं होतं त्याईले?"

"कवाच नाई."

"मंग मले कायले सांगता भाऊजी?" ती म्हनली. "ज्याले सांगाचं त्याले सांगा. आनि ज्याइनं कागदावर लिहिलं त्याइले सांगा. माह्या ओट्यावर बसून हलके होऊ नका."

उठलो. तथून सरळ जिनीत गेलो. चालू पाळीत, हमालाइपुढं, बायाइपुढं, दिवाणजीले सांगतलं. त्यानं मले बाजूले ओढलं. म्हने, "तुळशीराम, मेलेल्याच्या नावावर हाय ते राहू दे. तो काय उठून नाई म्हनते? तुले उद्यापासून काम पायजे का नको?" म्या म्हनलं, "कामाचं तुमी पाहा. मी मालेगावले जातो, जमादारापुढं सही देल्ली ती खोडाले." तसाच गेलो, तं जमादार घरी गेला होता, उद्या ये म्हनले. उद्या जातो. कागद पुढं गेला म्हनून हाकलन, तं परवा जातो.

मालेगावहून परत जिनीत आलो आनि नवही मोटरीइच्या थिंबलाखालचा रंग खरवडला. काचकागदानं घासून लोखंड उघडं केलं, तुह्यासारखं. तुही पक्कड पूजेच्या पाटावरच पडून होती, कुंकू वाळून गेलेलं. कोनी उचलाले तयार नव्हतं. म्या उचलली. चौथी मोटर तवापासून बंदच होती, तिले नवं थिंबल पायजे होतं. आयुष्यातलं पह्यलं थिंबल दाबलं म्या. एक वाया गेलं, मोठ्या खाचेत बसलं. दुसरं डोळ्याइनं दिसेना, म्हनून बोटानं मधली खाच चाचपली. मंग दोन्ही हाताइनं दाबलं. पाय टेकवून ओढलं. निंघालं नाई. टेस्टचा दिवा लावला, नवही ठिकानी पेटला. हात उलटाच लावला, आनि या खेपेले कोनी हासलं नाई.

एकही डाग देल्ला नाई, शेषराव. आता जिनीत आठ जोड तुहे हाय आनि एक माहा. तुहा दाब बरोबर होता. हे तुले त्याच दिवशी सांगतलं असतं, पोतं खाली पडलं त्या दिवशी, तं तू आज इथं असता, आनि मले म्हनला असता, "साडभाऊ, जरा मोठ्यानं म्हना, बायाइले आयकू नाई आलं."